गोळी स्वस्त, वाट महाग

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातील गाव मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे रेल्वे स्थानकही गावाला आहे. अशा गावाला कोणी दुर्गम म्हणणार नाही. पण घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असला की हेच गाव एकदम लांब पडते. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गोंदियाला, तेही पन्नासेक किलोमीटर दूर. आणि हा आजार एका फेरीत आटोपणारा नाही.

स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ नव्हे. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्यावर कोणी करणी केली आहे किंवा पाळत ठेवली आहे अशी पक्की खात्री वाटणे, बोलण्यातली संगती सुटणे, माणसांपासून आणि कामापासून तुटत जाणे ही त्याची लक्षणे. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामुळे अनेक मराठी घरांना या आजाराची ओळख झाली. तो बहुधा ऐन तारुण्यात, कमावत्या वयात सुरू होतो. त्यामुळे गरीब घरात एक रुग्ण वाढतो तेव्हाच एक मजुरीही कमी होते, आणि रुग्णाजवळ थांबणाऱ्याची दुसरी मजुरीही बुडते.

असे रुग्ण किती? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये होती. स्किझोफ्रेनिया व त्यासारख्या तीव्र मनोविकारांचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.४ टक्के आढळले. म्हणजे दर हजार प्रौढांमागे चार. एखाद्या मोठ्या गावात चार-पाच घरे तरी निघतील. याच सर्वेक्षणानुसार अशा दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता.

औषध महाग आहे म्हणून असे होते का? तसे नाही. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधे जुनी आहेत आणि जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. महाग पडते ती वाट. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, सोबत कोणीतरी लागते. दोघांचे भाडे, दोघांचा दिवस, रांग, आणि उशीर झाला तर मुक्काम. रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात असा एक दिवस काढणेही घराला झेपत नाही. मग एका महिन्याची फेरी चुकते, पुढच्या महिन्यात ‘आता बरा दिसतो’ म्हणून गोळ्या थांबतात. इथेच घात होतो. पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांवरील १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला होता. आजार उलटला की भाडे, मजुरी आणि आशा असे सगळेच पुन्हा खर्ची पडते.

लोक आधी मांत्रिकाकडे जातात, यावर शहरात बसून नाराजी व्यक्त करणे सोपे आहे. पण मांत्रिक हाकेच्या अंतरावर असतो, ऐकून घेतो आणि रात्रीही दार उघडतो. डॉक्टर तितक्या जवळ आल्याशिवाय नुसत्या प्रबोधनाने ही वाट बदलणार नाही. उपचार नसलेल्या घरात शेवटी दोर किंवा साखळी येते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली. मात्र बंदी घालणाऱ्या व्यवस्थेने साखळीऐवजी औषध हातात दिले पाहिजे.

हे कसे करायचे, याचे उत्तर महाराष्ट्रातच तपासले गेले आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. त्यात काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर घरी भेट देणारे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते मिळाले. औषधे चालू ठेवणे, कुटुंबाला आजार समजावणे, रुग्णाला हळूहळू कामाकडे आणणे हे त्यांचे काम. वर्षभराने या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबित्व इतरांपेक्षा कमी झाले. फरक माफक होता, पण तो अधिक दिसला तमिळनाडूच्या ग्रामीण भागात, जिथे मुळात सेवा तुटपुंज्या होत्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रावर आधीच भार आहे आणि या औषधांचे दुष्परिणाम तज्ज्ञानेच पाहावेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून निदान आणि पहिला उपचार तज्ज्ञानेच करावा. पण स्थिरावलेल्या रुग्णाला दरमहा त्याच गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावण्याचे कारण नाही. क्षयरोगाची औषधे महिनोन्‌महिने गावात पोहोचवण्याचा अनुभव आपल्या यंत्रणेकडे आहे. आशा कार्यकर्ती तेव्हा दार ठोठावते, तर इथेही ठोठावू शकते. गोळ्या चुकवणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे दीर्घकाळ काम करणारे इंजेक्शन आहे, ते परिचारिका देऊ शकते. तज्ज्ञाची अधूनमधूनची तपासणी ठरलेल्या दिवशी तालुक्याला किंवा ई-संजीवनीवरून होऊ शकते. घरच्यांना सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून याच हेतूने चालू आहे. २०१७ च्या कायद्याने तर सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. तो हक्क पाळला जातो की नाही, हे नागपूरच्या खाटा मोजून कळणार नाही. सौंदडच्या रुग्णाला या महिन्याची गोळी बस न पकडता, मजुरी न बुडवता मिळाली का, हे विचारावे लागेल. हा आकडा दर महिन्याला जिल्हा आढाव्यात मांडला जावा. त्याने सुरुवात तरी होईल.