तिसरा मूषक

गेल्या भाद्रपदात, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, भोपाळच्या बिट्टन मार्केटात मूर्ती आणावयास गेलो होतो. आपल्या समाजातील एक वडीलधारे गृहस्थ तेथे भेटले. एका हाती शाडूचा गणपती, त्याच्या पायाशी हात जोडून बसलेला चिमुकला मूषक. दुसऱ्या हातातील पिशवीत भाजीच्या जुडीशेजारी उंदीर मारण्याच्या विषारी वड्यांचे पुडके. मी हसून म्हटले, “काका, ह्या दोहोंचे एका घरात कसे जमायचे?” न रागावता ते उत्तरले, “अरे, मूर्तीतला मूषक निराळा, माजघरातला उंदीर निराळा. एवढा विवेक नको काय?”

विवेक हवाच. माझी तक्रार एवढीच की, आपला हा विवेक अर्ध्या वाटेवर थांबतो. मूर्तीतला मूषक आपण पूजितो, माजघरातला मारतो. आणि ह्या दोहोंखेरीज एक तिसरा मूषक आहे, ह्याची दखलही घेत नाही. तो रानातला, उंच डोंगरावरचा, माणसाच्या कणगीला कधी तोंड न लावलेला. मराठीत उंदीर, कोंकणीत हुंदीर, एवढ्या एका शब्दात आपण त्याला कोंबले आणि घरउंदराच्या अपराधाचा कलंक त्याच्याही माथी मारला.

हा तिसरा मूषक कोठे दूरदेशी राहतो असे नव्हे. पुण्याजवळच्या सिंहगडावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीच्या माथ्यावर, मऊ केसांचा एक रानउंदीर बिळे करून राहतो. तो निशाचर आहे. म्हणून दिवसा गड चढणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. मिश्रा व धांडा ह्या संशोधकांनी १९७५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि गडाच्या जुन्या कोंढाणा ह्या नावावरून त्याला ‘मिलार्डिया कोंडाना’ असे नाव दिले. नावाचा पूर्वार्ध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एके काळचे चिटणीस मिलार्ड ह्यांचे स्मरण करून देतो. दीर्घकाळ हा प्राणी जगात केवळ सिंहगडाच्या पठारावरूनच ठाऊक होता.  केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली अतिसंकटग्रस्त प्राण्यांची जी पुस्तिका काढली, तीत त्याचे नाव आहे. संकटाची कारणेही गूढ नाहीत: झाडोऱ्याचा ऱ्हास आणि पर्यटकांची वर्दळ. म्हणजे तुम्ही आणि मी! ज्या गडावर १६७० साली तानाजी मालुसरे पडले, त्याचे नाव ऐकताच आपली छाती फुगते. आणि त्याच गडावर पिठलेभाकरी व मडक्यातले दही खाऊन आपण उष्टे, पत्रावळी आणि प्लॅस्टिक मागे टाकून उतरतो.

कोणी म्हणेल, ‘उंदराचा पुळका आणणाऱ्याने प्लेग पाहिलेला नाही.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८९६ साली मुंबईत आणि लगेच पुण्यात प्लेगने काय अनर्थ केला, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेले आहे. धान्याच्या कोठारात उंदीर शिरला तर शेतकऱ्याने हात जोडून बसावे, असे मी म्हणत नाही. परंतु तो रोग वस्तीत आणणारा होता घरात व गोदामात राहणारा उंदीर. घरातल्या चोराबद्दल डोंगरावरच्या तपस्व्याला दंड करणे, ह्याला न्याय म्हणत नाहीत.

कायद्यानेही दीर्घकाळ हीच गल्लत केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादी होती आणि तीत उंदीर-घुशी सरसकट नोंदलेल्या होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. कायद्याने तो शिक्का पुसला. आपल्या मनावरचा मात्र तसाच आहे.

वास्तविक आपणांस हे कायद्याने शिकवावे लागू नये. गणेशपुराणातली क्रौंच गंधर्वाची कथा आपल्या देवळांतून किती वेळा सांगितली जाते! शापाने मूषक झालेल्या त्या गंधर्वाने पराशरांच्या आश्रमाची नासधूस केली. गजाननाने त्याला आवरले, नमविले, आपले वाहन केले. त्याचा वंशच्छेद केला नाही. उपद्रव थांबविणे हे देवाचे कार्य झाले. वंश बुडविणे हे कोणाचे कार्य, ते वाचकांनीच ठरवावे.

नीलगिरीच्या उंच शोला वनांत आणखी एक असाच अल्पपरिचित उंदीर आहे. बोनहोट ह्यांनी कुन्नूर येथील नमुन्यावरून १८९८ साली त्याचे वर्णन केले आणि ‘मुस फॅम्युलस’ हे नाव दिले. ‘फॅम्युलस’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक, दास. परक्या शास्त्रज्ञाच्या लेखणीतून सहज उतरलेला हा शब्द गणेशभक्तांच्या कानी तरी काही निराळे सांगतो. तो सेवकही आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

मग करावयाचे काय? मागणे फार नाही. गडावर जावे, पण नेलेले सर्व परत आणावे. खरकटे जेथे साचते तेथे घरउंदीर येतोच आणि त्याच्यामागून विषही येते. माथ्यावरचे गवत व झुडपे ‘साफसफाई’च्या नावाखाली जाळू-तोडू नयेत. ज्या देवस्थानांच्या ताब्यात देवराया आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी रानात विषाची पुडी पडू देऊ नये. आणि चतुर्थीच्या कीर्तनात क्रौंचाची कथा सांगताना बुवांनी सिंहगडावरच्या ह्या जीवाचे नाव एकदा तरी उच्चारावे. बिट्टन मार्केटापासून जवळच क्षेत्रीय प्राकृतिक विज्ञान संग्रहालय आहे. मूर्ती घ्यावयास मुलांना बाजारात नेणाऱ्यांनी एखाद्या दिवशी त्यांना तेथेही न्यावे.

काकांना मी त्या संध्याकाळी उत्तर दिले नाही. मोठ्यांशी बाजारात वाद घालणे शोभत नाही. ते आज येथे देतो. काका, मूर्तीतला निराळा, माजघरातला निराळा, हे आपले म्हणणे खरे. तसाच डोंगरावरचाही निराळा. दोन ओळखलेत, तिसराही ओळखा. तो नाहीसा झाल्यावर मूर्तीच्या पायाशी आपण जो बसवू, तो केवळ मातीचा असेल.