ललाटलेख कोणासाठीं?

दैववाद हा पूर्वेकडील लोकांचा रोग आणि उद्योग हा पश्चिमेकडील लोकांचा धर्म, असें विधान सुशिक्षित मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. ज्यांना तें पटतें त्यांनीं उत्तर युरोपांतील नॉर्स लोकांच्या पुराणकथा एकदां चाळून पाहाव्या. तेथें विश्ववृक्षाच्या मुळाशीं असलेल्या विहिरीजवळ उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द या तीन नॉर्न-देवता राहतात, झाडाला पाणी घालतात आणि माणसांचें आयुष्य ठरवितात. हेल्गी नांवाचा वीर जन्मला त्या रात्रीं नॉर्न त्या घरीं आल्या आणि त्यांनीं त्याच्या दैवाचे धागे वळले. आमच्या रत्नागिरींतील कोणतीहि आजीबाई ही कथा ऐकून म्हणेल, "अहो, ही तर आमची सटवाई!" पाटा पुजून, कोरा कागद व लेखणी मांडून, दिवा तेवत ठेवून आम्ही जिची वाट पाहतों तीच ही.

मग भेद कोठें आहे? तो कल्पनेंत नाहीं, तिच्या उपयोगांत आहे. जगाच्या अंतीं फेनरिर लांडगा आपल्याला गिळणार, हें देवाधिपति ओडिन याला पक्कें ठाऊक असतें. तरी वीर जमविण्याचें काम तो सोडीत नाहीं. त्यानें दैव मानलें तें स्वतःच्या मरणापुरतें. आम्ही तें मानतों दुसऱ्याच्या दुःखापुरतें. शेजारणीचें मूल गेलें, तर सटवाईनें लिहिलें तें चुकत नाहीं. गड्याचा संसार बुडाला, तर त्याच्या कपाळींच नव्हतें. स्वतःच्या मुलाला ताप भरला कीं मात्र हेच गृहस्थ मध्यरात्रीं डॉक्टरांचें दार ठोठावतात!

तेराव्या शतकांत स्नोरी स्टुर्लुसन यानें आइसलंडांत लिहिलेल्या ग्रंथांत एक प्रश्नकर्ता विचारतो कीं, नॉर्न दैव वांटीत असतील तर ही वांटणी इतकी विषम कां? उत्तर मिळतें कीं, चांगल्या कुळांतील नॉर्न चांगलें आयुष्य देतात, दुष्ट नॉर्न वाईट देतात. हें उत्तर नव्हे, बगल आहे. कारण एकदां देवतेवर ढकललें कीं माणसांत तें शोधण्याची जरूर उरत नाहीं.

तें शोधलें म्हणजे काय होतें, हें सहाव्या रात्रीच्याच उदाहरणानें दिसेल. अस्वच्छ पात्यानें नाळ कापली कीं तान्ह्या मुलाला धनुर्वात होतो, आणि त्याचीं लक्षणें बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसतात. सटवाईच्या धाकाचें एक मूळ येथें असावें, असें आम्हांस वाटतें. गर्भवतीला लस आणि सुइणीला स्वच्छ पातें मिळालें. आणि 2015 सालीं, प्रत्येक जिल्ह्यांत हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी रुग्ण या कसोटीवर, भारतांतून या रोगाचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. सटवाईचें अक्षर पुसलें जातें तें असें.

रत्नागिरीस आणखी एक दाखला घरचाच आहे. मंडालेचा राजा थिबा 1885 सालीं पदच्युत झाला, पुढें येथें आणला गेला आणि 1916 सालीं येथेंच वारला. येथें 1856 सालीं जन्मलेले टिळक 1908 सालीं शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगांत गेले. या अदलाबदलीस दैवगति म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही विचारतों, ही दैवगति कीं सरकारी हुकूम? टिळकांनीं तरी कपाळाला हात लावला नाहीं. त्याच तुरुंगांत त्यांनीं 'गीतारहस्य' लिहिलें आणि त्यांत कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्याचाहि विचार एका स्वतंत्र प्रकरणांत केला.

कोणी म्हणेल, दुःखिताचें सांत्वन तुम्ही हिरावून घेतां. तसें नाहीं. अपत्य गमावलेली माता स्वतः "नशिबांत नव्हतें" म्हणते तेव्हां तें सांत्वन असतें, आणि तिथें आम्ही मौनच धरूं. पण तेंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडीं आलें कीं तो निकाल होतो, आणि निकाल देणारा चौकशीच्या त्रासांतून सुटतो.

सटवाईची पूजा बंद करा, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. रात्रभर दिवा विझूं न देणारी आजी लेख निमूटपणें स्वीकारीत नसते. ती तो बरा लिहवून घेण्यासाठीं झगडत असते. तिचें हें जागरण आम्हांस हवें आहे. नको आहे ती दुसऱ्याच्या कपाळावर बोट ठेवून झोपीं जाण्याची आमची संवय.