एक वार, दोन वार... पण त्याआधीचं काय?

लिलाव म्हटलं की मला आमच्याकडची बाजार समिती आठवते. कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, पुकारणाऱ्याचा चढता आवाज आणि मिनिटभरात विषय संपला! लिलाव करणारा म्हणजे गळा चांगला असलेला माणूस, ही माझी पक्की समजूत. ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत मोडली.

आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत जुन्या नाण्यांचा डबा सापडला. ‘जुनं नाणं विका, लखपती व्हा’ असले मेसेज घरात सगळ्यांनी वाचलेले. बाबा बोलले नाहीत, पण माझी यंदाची फी त्यांनी मनातल्या मनात त्या डब्यातून भरून टाकली होती. फक्त नाण्यांचेच लिलाव करणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही डबा घेऊन गेलो.

त्यांनी भिंग आणि वजनकाटा काढला. पहिलं नाणं आमचा हुकमाचा एक्का. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. ते दोन सेकंदांत बाजूला गेलं. "भाऊसाहेब, कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही." मग सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया. हा दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकला फार. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, आमचा दहासुद्धा भरला नाही. उरलेले राणीछाप रुपये खरे निघाले, पण ते मी आदल्या दिवशी चिंचेने घासून लख्ख केले होते. "पोरा, इतक्या वर्षांचा काळसर थर घालवलास. संग्राहक आता याला हात लावणार नाही. चांदीचे पैसे येतील, बस्स." बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर चहा घेताना मी विचारलंच, "विकलं तर तुम्हालाही कमिशन मिळतं. मग नाही कशाला म्हणता?" ते हसले. म्हणाले, "समोर दरवेळी तेच ते संग्राहक बसतात. एकदा नकलेला अस्सल म्हटलं, की उद्या माझ्या अस्सल नाण्यावरही कोणी बोली लावणार नाही."

त्यांचं पुकारणं एका दुपारचं. त्याआधीचे कित्येक महिने कॅटलॉगमध्ये जातात. प्रत्येक नाण्याचं वजन, टांकसाळ, अवस्था, आधीचे मालक, फोटो. वर कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं, त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ही रेषा दरवर्षी सरकते. १९२५ चं नाणं २०२५ मध्ये तिच्या पलीकडे गेलं!

आणि कागदांची किंमत? अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरला आणि २०२१ मध्ये सुमारे १.८९ कोटी डॉलरला गेलं. सोनं जेमतेम ३० ग्रॅम. पण त्या सालची नाणी चलनात न आणता वितळवली गेली होती, आणि खासगी मालकीला सरकारने परवानगी दिली ती या नाण्याला. पैसे मोजले गेले ते त्या इतिहासाचे.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. हे गृहस्थ तिकिटं आणली तर दुसऱ्याकडे पाठवतात. नाण्यांचा बाजार बसला की तेही बसतात. स्वतःचा संग्रह त्यांनी केव्हाच विकून टाकला, कारण आपल्याच गिऱ्हाईकाविरुद्ध बोली कशी लावणार? ज्या आवडीपायी या धंद्यात आले, तीच सोडावी लागली.

आपल्या होस्टेलवर रात्री दोनपर्यंत वाद चालतो. कोअर धरायचं की सगळं थोडं थोडं शिकून जिथे नोकरी मिळेल तिथे चिकटायचं? मीही दुसऱ्या पार्टीतला होतो. आता मला वाटतं, एका विषयात खोल जाण्याचा खरा फायदा पगार नाही. समोरचा माणूस आशेने डबा उघडून बसलेला असताना ‘हे खोटं आहे’ असं ठामपणे आणि नीट सांगता येतं, हा आहे. उद्या पुलाच्या काँक्रीटबद्दल किंवा बॉयलरच्या वेल्डिंगबद्दल आपल्यालाही कोणीतरी विचारणार आहे. तेव्हा ‘चालून जाईल’ म्हणणारे आपण नसावं.

फी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली. डबा घरीच आहे. चिंच मात्र त्याच्या आसपास कोणी फिरकू देत नाही!