घाणीला वारस कोण?

महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं सामाईक विहिरींचे अनेक तंटे पाहिले. पाण्याची पाळी ज्यांनीं कागदावर लिहून ठेविली, त्यांचे तंटे क्वचित् झाले. जे तोंडच्या बोलीवर राहिले, ते कोर्टाची पायरी चढले. हाच न्याय साखर कारखाना व त्याच्या शेजारचे धंदे यांस लागू आहे.

१०० टन उसामागें सुमारें ३० टन बगॅस निघतो. त्यावर वाफ व वीज होते. मळीपासून मद्यार्क होतो. या दोहोंस वारस पुष्कळ! परंतु एक लिटर मद्यार्कामागें ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतो, त्यास वारस नाहीं. तो ओढ्यांत शिरला कीं खालच्या गांवच्या विहिरी नासतात. वस्तुतः त्यापासून जळाऊ वायु मिळतो, आणि प्रेसमडाबरोबर कुजविल्यास चांगलें खत होतें.

डेन्मार्कांतील कालुंडबोर्ग येथें १९७२ सालीं तेलशुद्धीच्या कारखान्याचा वाया जाणारा वायु शेजारच्या जिप्समच्या फळ्यांच्या कारखान्यास नळानें देण्यांत आला. १९७६ सालापासून इन्शुलिनच्या कारखान्याचा गाळ आसपासच्या शेतांस खत म्हणून मिळूं लागला. हा कांहीं दानधर्म नव्हे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील चोख व्यवहार होता.

सहकारी कारखान्याचे सभासद आपणच आहों. वार्षिक सभेंत आपण उसाचा भाव विचारतों; तसेंच स्पेंटवॉश किती निघाला, कोठें गेला, कोणीं घेतला, हेंही विचारावें व इतिवृत्तांत लिहवून घ्यावें. नफा सामाईक, तर घाणही सामाईक!