आधी मैदान, मग मत!



गोल्फ, बेसबॉल हे मोठे खेळ आणि खो-खो म्हणजे शाळेतला विरंगुळा, असे आपल्याच घरांत बोलले जाते. आम्हाला हे मान्य नाही. साधा हिशेब करा. १८ होलच्या गोल्फ मैदानाला शंभर एकरांच्या आसपास जमीन लागते. खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात. डिंडोलीसारख्या दाट वस्तीत कोणता खेळ परवडतो, ते वेगळे सांगायला नको.

आणि आपले खेळ हलके कसे? याच गुजरातेत, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२०च्या दशकात हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, नियमांत बसवले. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार होते महाराष्ट्राचे प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे.

मते मागायला येणाऱ्यांकडे आपण गटार, रस्ता, पाणी मागतो. मैदान कधीच मागत नाही. आता मागा! लग्नाच्या मांडवाला न देता रोज संध्याकाळी मुलामुलींसाठी राखलेला एक मोकळा प्लॉट, एवढीच आमची मागणी. ती लेखी कबूल करा, मग मताचे बोलू.