रद्दीच्या तराजूत जाणारा इतिहास

दिवाळी जवळ आली की घराघरांतून साफसफाई सुरू होते आणि माळ्यावरचे जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडतात. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. ज्या सणाने मराठी माणसाला ही वाङ्मयीन भेट दिली, त्याच सणाच्या तोंडावर तिची अशी वाताहत व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न अधिक बिकट आहे. मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, चामोर्शी यांसारख्या गावांतील शिक्षकांनी, वकिलांनी पदरमोड करून मासिकांच्या वर्गण्या भरल्या, अंक वर्षवार लावले, दोऱ्याने शिवून त्यांचे गठ्ठे बांधले. ती पिढी आता मावळत आहे. मुले नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला स्थायिक झालेली असतात. वडिलार्जित घर विकायला निघते तेव्हा शेताची वाटणी होते, भांड्याकुंड्यांची होते. अंकांच्या गठ्ठ्यांना मात्र वारस सापडत नाही.

गावातील वाचनालयाकडे विचारणा करावी, तर जागेची अडचण पुढे येते. यात सारा दोष वाचनालयाचा नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मिळणाऱ्या अनुदानावर एक-दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेने आजच्या वाचकाला पुस्तके पुरवावीत, की वाळवी, पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील होरपळ यांपासून ठिसूळ कागद वाचवावा? अनेकदा तिला स्वतःकडचे जुने अंकही रद्दीत काढावे लागतात.

पण या अंकांबरोबर नेमके काय जाते, याचा विचार होणे अगत्याचे आहे. चांगले लेख पुढेमागे पुस्तकरूपाने येतात. वाचकांची पत्रे, जाहिराती, गावोगावच्या सभांचे वृत्तान्त, देणगीदारांच्या याद्या, पोच आणि परीक्षणे मात्र अंकातच राहतात. प्रदेशाचे दैनंदिन जीवन तेथेच सापडते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा त्याचा छापील इतिहास ‘चांदा’ या जुन्या नावाखाली विखुरलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूरच्या उठावाचे पडसाद पुढे समाजमनात कसे उमटत राहिले, हे शोधणाऱ्या अभ्यासकाला गोपाळराव ओगले यांनी नागपुरात १९१४ मध्ये सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र’सारख्या पत्राचे किंवा विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’चे जुने अंक चाळावेच लागतील. ते चाळायचे कोठे?

प्रकाशित ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचावी, यासाठी १९५४ मध्ये कायदा झाला आणि १९५६ मध्ये नियतकालिके त्याच्या कक्षेत आली. त्याआधीच्या, विशेषतः अल्पायुषी नियतकालिकांच्या बाबतीत घरगुती संग्रहांचे मोल फार मोठे आहे. शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपार कष्टाने १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. सूची नाव सांगते, काळ सांगते. परंतु अंकच उरला नाही तर ती केवळ मृतांची नोंदवही ठरते.

तामिळनाडूतील एक उदाहरण या संदर्भात मननीय आहे. चेट्टिनाड भागातील कोट्टैयूर गावी रोजा मुथय्या नावाचे गृहस्थ नामफलक रंगवून उदरनिर्वाह करीत. त्यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांची हस्तपत्रके असे सुमारे लाखभर मुद्रित साहित्य जमवले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला. परंतु तो अमेरिकेत न नेता चेन्नईतच त्याचे संशोधन ग्रंथालय उभे केले. तमिळ भाषेचा ठेवा तमिळ माणसाच्या आवाक्यात राहावा, हे परदेशी विद्यापीठाला उमगले. मग चांद्याचा ठेवा चांद्याच्या आवाक्यात ठेवणे आपल्याला अशक्य का वाटावे?

पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांकडे सर्व काही सोपवावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. तेथे सांभाळ चांगला होईल, हे खरे. पण भामरागडच्या विद्यार्थ्याला पुणे किती दूर! दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. जुन्या नियतकालिकांचे एक दालन तेथे उभे राहणे हे त्या विद्यापीठाच्या नावाला साजेसेच होईल. दोन्ही ठिकाणच्या जिल्हा ग्रंथालयांनी गावोगावचे संग्रह हुडकावेत आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या याद्या कराव्यात. यात फार मोठ्या निधीची गरज नाही; इच्छाशक्तीची आहे.

देणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. पोती भरून दारात टाकणे म्हणजे दान नव्हे. आधी यादी करावी. नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक आणि गहाळ अंक यांची नोंद त्यात असावी. मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने फाडू नयेत, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. शक्य असेल त्याने लोखंडी कपाटाचा खर्चही द्यावा. संस्थेनेही अंक रद्दीत जाणार नाहीत आणि अभ्यासकाला पाहायला मिळतील, एवढे लेखी मान्य करावे. संगणकावर प्रतिमा जरूर घ्याव्यात. पण प्रतिमा घेतली म्हणून मूळ अंक फेकून देणे हा आततायीपणा होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो जुने पुरावे कोणीतरी जपले म्हणून. आजचे पुरावे उद्यासाठी कोण जपणार? येत्या दिवाळीत माळ्यावरचा गठ्ठा खाली उतरेल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याची दोरी सोडून निदान एक यादी व्हावी. संग्रहाला नवे घर मिळण्याची सुरुवात तेथूनच होईल.