तेंडुलकरांची रेषा आणि धडगावची उचल

सप्टेंबर 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केलं. शहरात दिवसाला 32 आणि खेड्यात 26 रुपये खर्च करू शकणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर, असा त्याचा हिशेब होता. देशभर भडका उडाला. 32 रुपयांत दिवस काढून दाखवा, अशी आव्हानं दिली गेली, व्यंगचित्रकारांना तर महिनाभराचा विषय मिळाला. ज्यांच्या समितीचं नाव या आकड्याला चिकटलं होतं, ते प्रा. सुरेश तेंडुलकर मात्र उत्तर द्यायला उरले नव्हते. तीनच महिन्यांपूर्वी, 21 जून रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

त्या गदारोळात एक गोष्ट कुणी फारशी सांगितली नाही. तेंडुलकर समितीने गरिबांची संख्या घटवली नव्हती, वाढवली होती. जुन्या पद्धतीने 2004-05 मध्ये ग्रामीण भारतात 28.3 टक्के लोक गरीब ठरत होते. समितीने 2009 च्या अहवालात तोच आकडा 41.8 टक्क्यांवर नेला. सरकारनेच नेमलेल्या समितीने सरकारच्या हिशेबात गरिबांची एवढी भर घालावी, हे आपल्याकडे नेहमी घडत नाही.

हार्वर्डची डॉक्टरेट, मग दिल्लीची भारतीय सांख्यिकी संस्था आणि पुढे 2004 पर्यंत दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, असा या प्राध्यापकाचा प्रवास. निर्गुंतवणूक आयोग, पाचवा वेतन आयोग, रिझर्व्ह बँकेचं संचालक मंडळ, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचं अध्यक्षपद हे सगळं त्याच्या जोडीला. आर्थिक सुधारणांचे ते उघड पुरस्कर्ते होते. टी. ए. भवानी यांच्याबरोबर त्यांनी 1991 नंतरच्या सुधारणांवर पुस्तकही लिहिलं. उभरत्या बाजारपेठांचे अभ्यासक एरवी भांडवलाचा ओघ, शेअर निर्देशांक आणि विकासदर यांत रमतात. तेंडुलकरांची उमेदीची वर्षं गेली ती राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कोष्टकांत: कोणत्या घरात किती किलो धान्य लागलं, किती रॉकेल जळलं, औषधाला काय गेलं.

हे काम रुक्ष वाटतं, पण त्यात कोट्यवधी माणसं इकडची तिकडे होतात. ‘गेल्या तीस दिवसांत काय खाल्लं’ असं विचारलं की उत्तर एक येतं, ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारलं की दुसरं. सात दिवसांचं माणसाला नीट आठवतं, खर्च जास्त नोंदला जातो आणि गरिबी आपोआप कमी दिसते. 1999-2000 च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले गेले आणि आकड्यांची अशी काही सरमिसळ झाली की अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं त्यावर भांडत राहिले. त्या वादात के. सुंदरम आणि तेंडुलकर ही जोडी आघाडीवर होती.

समितीनेही अशीच एक जुनी गाठ सोडवली. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गरिबीचा हिशेब मांडला, तेव्हापासून चर्चा उष्मांकांभोवती फिरत होती. शाळा आणि दवाखाना सरकार फुकट पुरवेल, हे गृहीत धरलेलं होतं. तेंडुलकरांनी उष्मांकांचं बोट सोडलं आणि शिक्षण व औषधोपचारांवरचा खासगी खर्च रेषेच्या हिशेबात धरला. रेषा तरीही तोकडीच होती, हा आक्षेप रास्त आहे. पण ती रेशनचा किंवा योजनेचा लाभार्थी वगळायला वापरायची की नाही, हा निर्णय सरकारचा होता. शिव्या मात्र मोजणाऱ्याला बसल्या.

नंदुरबारला हे सगळं दिल्लीचं म्हणून सोडून देता येत नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं. तेव्हा मंचावर पंतप्रधान मनमोहन सिंग होते, तेही एकेकाळी दिल्ली स्कूलचेच प्राध्यापक. प्रत्येक माणसाला क्रमांक देण्याची सुरुवात जिथून झाली, त्याच जिल्ह्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे 52 टक्के लोक बहुआयामी गरीब असल्याचं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा सर्वात मोठा. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले सुमारे 69 टक्के आदिवासी.

आता या जिल्ह्यातला एक साधा खर्च घ्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दरवर्षी कोयत्याच्या जोड्या गुजरातच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीला जातात. निघण्याआधी मुकादम उचल देतो. त्या पैशात घरात धान्य येतं, पोरांना कपडे येतात, कुणाचं दवाखान्याचं देणं फिटतं. नेमका त्याच महिन्यात पाहणी करणारा दारात आला तर कुटुंबाचा खर्च वाढलेला दिसेल आणि ते रेषेच्या वर गेलं म्हणून नोंदही होईल. प्रत्यक्षात तो खर्च म्हणजे पुढच्या चार-पाच महिन्यांची अंगमेहनत आगाऊ विकून आलेलं कर्ज. पाहणीवाला हंगामात आला, तर झोपडीला कुलूप. खर्च हे राहणीमानाचं माप मानणाऱ्या कोणत्याही पद्धतीला, तेंडुलकरांच्याही, ही उचल चकवते. मोहाची फुलं वेचून बाजारात मीठ-मिरचीशी अदलाबदल करणाऱ्या घराचा हिशेबही असाच निसटता.

पद्धतीतल्या अशा भोकांवर वाद घालायला आधी आकडे तर हवेत. 2017-18 च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्राने दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केले नाहीत. 2011-12 नंतर प्रसिद्ध झालेली पुढची पाहणी थेट 2022-23 ची, आणि तिची पहिली माहिती आली फेब्रुवारी 2024 मध्ये. मधल्या काळात, जानेवारी 2019 मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी रोजगाराचा अहवाल अडवून ठेवल्याच्या कारणावरून राजीनामे दिले. हाच आयोग 2006 पासून तेंडुलकरांनी चालवला होता, आणि मीनाक्षी या दिल्ली स्कूलच्याच प्राध्यापक. गैरसोयीचा आकडा दडपू न देणं हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकीचा भाग आहे, असं त्या विभागाने आपल्या माणसांना शिकवलं असावं.

जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेत नंदुरबार येतं. जिल्ह्याच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवलं जातं, आणि पावरा-भिलोरी बोलणारी मुलंमुली तिथे शिकतात. उचलीच्या दिवसांत एकदा आणि जोड्या परतल्यावर होळीनंतर एकदा, त्याच घरांत तेच प्रश्न विचारायचे, एवढं काम या विद्यार्थ्यांवर सोपवता येईल. घराची भाषा त्यांना येते, मुकादमाचा हिशेब कळतो, आणि कुलूप लागलेल्या झोपडीतलं कुटुंब कुठल्या कारखान्यावर गेलंय हेही त्यांना ठाऊक असतं. दोन पाहण्यांतला फरक किती निघतो, ते छापून मोकळं व्हावं.